विमानाचे पाय आणि तपासणीची सक्ती

26 एप्रिल 1993. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत औरंगाबादला आलं होतं आणि आता चिकलठाण्याहून मुंबईला निघालं होतं. आत 118 माणसं. धावपट्टी संपत आली तरी विमान पुरेसं वर उचललं गेलं नाही. टोकालगतच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचं डावं मुख्य लँडिंग गिअर त्या ट्रकला धडकलं, पुढे विमान विजेच्या उच्च दाबाच्या तारांना लागलं आणि कोसळलं. 55 जण गेले. वैमानिकाने विमान उचलायला उशीर केला आणि विमानांच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात विमानतळ प्राधिकरण कमी पडलं, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

त्या अपघातात गिअरचा काही दोष नव्हता, हे आधीच स्पष्ट करतो. पण अंबड, पाचोड, आडूळच्या पट्ट्यात विमान अपघात म्हटलं की जुन्या माणसांना आजही तो गाठींचा ट्रक आठवतो. ट्रकला लागलेला विमानाचा तो भाग काय असतो, त्यावर किती भार येतो, तो कोण, कधी आणि कसा तपासतो, यावर मात्र आपल्याकडे बोललं जात नाही. चर्चा इंजिनाची होते, वैमानिकाची होते. गिअरची बातमी होते ती चाक निखळल्यावर.

आता अंबडच्या घराघरांतून कोणी ना कोणी विमानाने जातं. कोणी पुण्या-बंगळुरूच्या नोकरीसाठी, कोणी हजला, कोणी उपचारासाठी. या सगळ्यांच्या वतीने विचारावेत असे काही साधे प्रश्न आहेत. लँडिंग गिअरची ‘अनिवार्य’ तपासणी म्हणजे नेमकं काय अनिवार्य? तिची मुदत कोण ठरवतं? आणि कागदावर झालेली तपासणी प्रत्यक्षातही झाली, हे कशावरून मानायचं? जगभरच्या घटना पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की नियम पुरेसे कडक आहेत. ढिलाई होते ती मुदत ठरवताना आणि केलेल्या कामाची नोंद लिहिताना.

आधी त्या वस्तूकडे नीट पाहू. आपण नेहमी बसतो ते एअरबस ए-320 उतरतं तेव्हा त्याचं वजन 66 टनांपर्यंत असू शकतं आणि वेग ताशी 250 किलोमीटरच्या आसपास. जमिनीला पहिल्यांदा टेकतात ती मागच्या दोन पायांची मिळून चार चाकं. कमाल उतरण्याच्या वजनात सेकंदाला 10 फूट, म्हणजे सुमारे 3 मीटर, इतक्या वेगाने खाली आदळलं तरी हे पाय टिकले पाहिजेत, अशी रचनेची अट आहे. रोजचं उतरणं त्याच्या तिसऱ्या हिश्श्यातच होतं, पण अट त्या एका वाईट दिवसासाठी असते. त्याशिवाय ब्रेकचा झटका, वळताना पडणारा पीळ, आडव्या वाऱ्यात बाजूने येणारा रेटा. आणि हे सगळं सोसून झाल्यावर या पायांनी घडी घालून पोटात बसायचं, कारण हवेत त्यांचा उपयोग शून्य आणि अडथळा मोठा.

इतकं काम कमी वजनात करायचं तर पोलाद विलक्षण ताकदीचं लागतं. बहुतेक प्रवासी विमानांच्या गिअरमध्ये ‘300-एम’ नावाचं पोलाद वापरतात. आपल्या जालन्याच्या मिलमधून निघणाऱ्या सळईवर ‘एफई 500’ असा ठसा असतो. भारतीय मानकाप्रमाणे ती तुटण्याआधी किमान 545 मेगापास्कल ताण सोसते. 300-एम 1,900 मेगापास्कलच्या पुढे जातं, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट. पण पोलादाच्या धंद्यातला कोणीही सांगेल की ताकद वाढते तशी लवचीकता कमी होते. सळई तुटण्याआधी वाकते, ताणली जाते, इशारा देते. 300-एमवर बारीकशी चीर, गंजाचा टाचणीच्या टोकाएवढा खळगा किंवा घासताना नको तितकी लागलेली उष्णता पुरते, आणि मग ते इशारा न देता तुटतं.

उसाची टायरगाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. आस मोडते ती बहुधा सर्वांत जास्त भरलेल्या खेपेला नाही. हंगामभर ओढ सोसून, कुठेतरी पडलेल्या खाचेपासून आतल्या आत चिरत जाऊन ती एका किरकोळ खड्ड्यात मोडते. धातूच्या या थकव्याला विमानातही तोच क्रम असतो: दर उतरण्याला थोडी थोडी वाढणारी चीर. फरक एवढाच की 300-एममध्ये चीर दिसण्याजोगी होणं आणि भाग तुटणं यांत अंतर फार थोडं असतं.

म्हणूनच विमानरचनेच्या नियमांत गिअरला वेगळी वागणूक आहे. पंख, धड यांच्याबाबत नियम असा की चीर पडली तरी ती धोक्याची होण्याआधी तपासणीत सापडली पाहिजे, तितकी सहनशक्ती रचनेत असली पाहिजे. अमेरिकी नियमावलीतल्या 25.571 या कलमात ही अट आहे, आणि ती जिथे व्यवहार्य नाही त्याचं उदाहरण म्हणून त्या कलमावरच्या मार्गदर्शक परिपत्रकात लँडिंग गिअरचा उल्लेख आहे. गिअरच्या भागांना त्याऐवजी आयुष्य ठरवून दिलेलं असतं, इतक्या हजार लँडिंगचं. तो आकडा भरला की भाग कितीही चकचकीत दिसत असला तरी भंगारात जातो. त्यामुळे प्रत्येक भागाचा जन्मापासूनचा हिशेब लागतो: कोणत्या विमानावर होता, किती वेळा उतरला, कधी काढला, कुठे दुरुस्त झाला. हा कागद हरवला तर भाग शाबूत असूनही बाद. बाहेरच्या माणसाला हा कागदी हट्ट वाटेल. पण ज्या चिरेला डोळा पकडू शकत नाही तिच्याविरुद्ध हा हिशेबच एकमेव पहारा आहे.

हिशेबही दोन प्रकारे ठेवतात, लँडिंगच्या संख्येने आणि वर्षांनी, आणि यांतली जी मर्यादा आधी भरेल ती लागू. ए-320च्या गिअरची पूर्ण दुरुस्ती साधारण 10 वर्षं किंवा 20,000 लँडिंगनंतर होते. कारण थकवा लँडिंग मोजतो आणि गंज वर्षं मोजतो. कोविडच्या काळात शेकडो विमानं उभी राहिली. त्यांची लँडिंग थांबली, गंज थांबला नाही. उलट बाजूने पाहा: 27 एप्रिल 2017 ला उडान योजनेची पहिली विमानं निघाली, त्यांत नांदेड–हैदराबाद हा आपल्या मराठवाड्यातला मार्ग होता. अशा तासाभराच्या मार्गांवर धावणारं एटीआर दिवसातून कितीतरी वेळा उतरतं. त्याच्या गिअरचं वय कॅलेंडरवर पाहाल तर फसाल.

रोजची तपासणी डोळ्यांची आणि हातांची असते. दोन उड्डाणांच्या मध्ये अभियंता बॅटरी घेऊन चाकांपाशी वाकतो. गिअरच्या पायात वरची नळी आणि तिच्यात सरकणारा दांडा असतो, आत तेल आणि नायट्रोजन. त्या दांड्याचा चकचकीत भाग किती बाहेर आहे, त्यावर ओरखडा आहे का, तेल पाझरलंय का, टायरवर चीर किंवा सपाट झालेली जागा आहे का, हे तो बघतो. ब्रेकवर एक छोटी पिन बाहेर आलेली असते. ब्रेकच्या तबकड्या झिजत जातात तशी ती आत जाते, आणि अगदी समपातळीवर आली की ब्रेक बदलायचा. कॉम्प्युटरच्या जमान्यातही ही पिन बोटाने चाचपून पाहायची असते. विमान जोरात आदळून उतरलं तर वैमानिकाने तसं लिहायचं आणि मग वेगळी, खोल तपासणी होते. यापुढे ठरावीक महिन्यांनी आणि वर्षांनी येणाऱ्या मोठ्या तपासण्या.

खरी कसोटी पूर्ण दुरुस्तीत लागते. गिअर विमानापासून काढून सुटं करतात. रंग, कॅडमियमचा संरक्षक थर, क्रोमचा मुलामा सगळा उतरवून पोलाद उघडं पाडतात. मग भागाला चुंबकत्व देऊन त्यावर चमकणाऱ्या लोहकणांचा द्रव सोडतात आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरतात. चीर असेल तर कण तिथे गोळा होतात आणि केसाएवढी हिरवट रेघ उजळते. पूर्वी घासताना पोलाद कुठे जळलंय का, हे आम्लाने धुऊन बघतात. त्यानंतर नवा मुलामा. मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि तो पुढे तुटण्याचं कारण होऊ शकतो, म्हणून भाग काही तासांच्या आत भट्टीत ठेवून सुमारे 190 अंश सेल्सिअसला 23 तास तापवतात. घाईचं गिऱ्हाईक दारात उभं असताना हे 23 तास 20 करण्याचा मोह कोणत्याही कारखान्यात होऊ शकतो. तसं झालं तर बाहेरून काहीच दिसणार नाही.

एवढं सगळं असूनही काही भाग मुदतीआधी तुटतात. तिथे सक्तीची गोष्ट सुरू होते. विमान किंवा गिअर बनवणारी कंपनी ‘सर्व्हिस बुलेटिन’ काढते, तो सल्ला असतो. धोका गंभीर वाटला तर त्या देशाचं नियामक मंडळ ‘एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह’ काढतं. हँगरमध्ये त्याला सगळे ‘एडी’ म्हणतात, आणि तो कायदा असतो. कोणत्या क्रमांकाची विमानं, कोणता भाग, काय धोका, काय करायचं आणि किती लँडिंग किंवा महिन्यांच्या आत, हे त्यात लिहिलेलं असतं. बोइंगसाठी तो अमेरिकेतून येतो, एअरबस आणि एटीआरसाठी युरोपातून, क्यू-400 साठी कॅनडातून. आपण प्रवासी जेट बनवत नाही, म्हणून आपलं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, मूळ देशाचे हे आदेश इथे बंधनकारक करून त्यांची अंमलबजावणी तपासतं. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस ए-320 कुटुंबातल्या विमानांच्या नियंत्रण संगणकाबद्दल युरोपातून तातडीचा आदेश आला, तेव्हा आपल्याकडची तीनशेहून अधिक विमानं एका शनिवार-रविवारच्या आसपास हाताळली गेली. मनात आणलं तर आपली यंत्रणा किती वेगाने हलू शकते, याचा तो दाखला आहे.

प्रत्येक एडीमागे आधीची एखादी मोडतोड असते, पुष्कळदा मृत्यूही. 31 मार्च 1986 ला मेक्सिकन कंपनीचं बोइंग 727 मेक्सिको सिटीहून उडालं. एक ब्रेक अडकून तापला होता आणि त्या टायरात नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती. पोटात घडी होऊन बसलेला टायर हवेत फुटला, आग लागली, 167 जण गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत नायट्रोजन सक्तीचा केला. आज मुंबईत किंवा नागपुरात टायर भरणाऱ्या कामगाराच्या हातात नायट्रोजनची नळी असते, त्याच्या मागे ही 167 माणसं आहेत. 1995 मध्ये बोइंग 767 च्या गिअरच्या वरच्या नळीतल्या चिरांसाठी आदेश निघाले. पुढे एका ए-330 च्या गिअरची बोगी, म्हणजे चाकांच्या जोड्या जोडणारी आडवी तुळई, सावकाश जमिनीवर चालताना तुटली. कारण होतं आतल्या पोकळीतला गंजाचा खळगा. त्यातूनही वारंवार तपासणीचा आदेश आला.

स्कॅन्डिनेव्हियातली गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी. एसएएस कंपनीचं क्यू-400 विमान 9 सप्टेंबर 2007 ला डेन्मार्कमधल्या आल्बोर्गला उतरताना उजव्या पायावर कोसळलं. तीन दिवसांनी व्हिल्नियसला तसंच. गिअर ओढणाऱ्या दांड्याच्या आट्यांमध्ये गंज सापडला, कॅनडाने तपासणी सक्तीची केली, विमानं तपासली गेली, पुन्हा उडाली. 27 ऑक्टोबरला कोपनहेगनमध्ये त्याच जातीचं तिसरं विमान उजवा पाय न उघडता उतरलं. यावेळी आट्या ठीक होत्या. झडपेत एक सुटी रबरी रिंग अडकली होती. कोणी मेलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी कंपनीने ही विमानं कायमची बंद करायचा निर्णय घेतला. आदेशात लिहिलेली जागा तपासून झाली म्हणजे गिअर तपासून झाला, असं नसतं. आदेश मागच्या अपघाताचं कारण शोधतो. पुढचं कारण अभियंत्याच्या नजरेला सापडलं तरच सापडतं, आणि त्यासाठी त्याला यादीबाहेर पाहण्याइतका वेळ लागतो.

मुदतीचा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो तो फेडेक्सच्या अपघातात. 28 ऑक्टोबर 2016 ला त्यांचं एमडी-10 मालवाहू विमान फोर्ट लॉडरडेलला उतरलं आणि डावा पाय मोडला, पंखाला आग लागली. दोघे वैमानिक वाचले. अमेरिकेच्या चौकशी मंडळाला कारण सापडलं ते असं: ज्या भागावर कॅडमियमचा थर असायला हवा होता तो नव्हता, तिथे गंजाचा खळगा पडला, खळग्यातून चीर निघाली. पण मंडळाने आणखी एक गोष्ट नोंदवली. निर्मात्याने पूर्ण दुरुस्ती 8 वर्षांनी करायला सांगितली होती. कंपनीने आपली मर्यादा 9 वर्षं केली होती, आणि तेवढ्या काळात चीर वेळेत सापडेल हे दाखवणारा पुरेसा अभ्यास त्यामागे नव्हता. गिअर मोडला तो नेमका त्या वाढीव नवव्या वर्षात. गिअर काढायचा तर विमान उभं ठेवावं लागतं, दुसरा जोड भाड्याने आणावा लागतो आणि खर्च मोठा येतो, म्हणून मुदत वाढवून मागण्याचा दबाव सगळीकडेच असतो. विदा देऊन वाढवली तर माझी हरकत नाही. सवलत म्हणून वाढवली तर ती प्रवाशाच्या जिवावर दिलेली सवलत आहे.

आदेश निघाला आणि मुदतही चालू आहे, तरीही पाय मोडू शकतो. 18 जून 2021, लंडनचं हीथ्रो. ब्रिटिश एअरवेजचं 787 माल घेऊन फ्रँकफर्टला निघायचं होतं. एका बिघाडाचे संदेश पुसण्यासाठी जमिनीवरच गिअरचा लिव्हर वर करायचा होता, म्हणून आधी पाय मिटू नयेत अशा कुलूप-पिना घालायच्या होत्या. पुढच्या पायाचं भोक मुख्य मेकॅनिकच्या हाताला पोचेना, म्हणून त्याने सहकाऱ्याला बोट दाखवून जागा सांगितली. सहकाऱ्याने पिन शेजारच्या भोकात घातली. लिव्हर वर गेला आणि विमान नाकावर बसलं. ते शेजारचं भोक बुजवण्याचा आदेश अमेरिकेने आधीच काढलेला होता, कारण अशी चूक पूर्वीही झाली होती. पूर्ततेला 36 महिने दिले होते आणि या विमानाचा नंबर अजून लागायचा होता. कोणीही नियम मोडला नव्हता. एक स्वस्तातलं बूच आणि एक शिडी, दोन्हींपैकी काहीही त्या सकाळी तिथे असतं तर हे घडलं नसतं.

नोंदीतल्या खोटेपणाचा सर्वांत भयानक नमुना मात्र जेद्दाहचा. 11 जुलै 1991 ला नायजेरियाचे हाजी परत नेणारं कॅनडाच्या नेशनएअर कंपनीचं डीसी-8 उडालं. टायरांतला दाब कमी आहे हे काही दिवस आधीच कर्मचाऱ्यांना माहीत होतं. नायट्रोजन हाताशी नव्हता, वेळापत्रक सांभाळायचं होतं, आणि नोंदीतले दाबाचे आकडे नंतर बदललेले आढळले. धावपट्टीवर टायर तापून फुटले, जळते तुकडे पोटात गेले. 261 माणसं त्या विमानात होती, एकही वाचलं नाही. हज करून घरी निघालेली साधी माणसं, आपल्या गावातून जातात तशीच. आकडा बदलणाऱ्याने एवढं होईल असा विचारही केला नसेल. पण गिअरच्या बाबतीत खोट्या आकड्याला ‘किरकोळ’ ही पायरीच नाही.

आता आपल्या घराकडे. 6 मे 2021 ला नागपूरहून रुग्ण घेऊन हैदराबादला निघालेल्या छोट्या सी-90 एअर ॲम्ब्युलन्सचं एक चाक उडतानाच निखळलं. वैमानिकाने ते मुंबईला आणून पोटावर उतरवलं आणि आतले पाचही जण सुखरूप बाहेर आले. 12 सप्टेंबर 2025 ला कांडल्याहून मुंबईला निघालेल्या स्पाइसजेटच्या क्यू-400 चं चाक धावपट्टीवरच पडलेलं दिसलं. विमान मुंबईत सुरक्षित उतरलं. दोन्ही वेळा बातम्यांत वैमानिकाचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण चाक का निखळलं, बेअरिंग कधी तपासली होती, ती नोंद कोणी केली, याचा पाठपुरावा बातम्यांनी आठवडाभरही केला नाही.

गिअरबाहेरच्या दोन घटना इथे घेतो, कारण प्रश्न तोच आहे. इंजिनाचे भाग युरोपीय आदेशाच्या मुदतीत न बदलल्याबद्दल आणि नोंदी बदलल्याबद्दल डीजीसीएने मार्च 2025 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसला खडसावलं होतं. आणि 12 जून 2025 च्या अहमदाबादच्या एअर इंडिया विमान अपघाताच्या प्राथमिक अहवालात नमूद आहे की इंधनाच्या स्विचबद्दल अमेरिकेने डिसेंबर 2018 मध्ये सूचना काढली होती, ती फक्त सल्लावजा असल्याने कंपनीने ती तपासणी केलेली नव्हती. अपघाताचं कारण तेच, असं चौकशीने म्हटलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. तरी अपघातानंतर महिन्याभराने डीजीसीएने तीच तपासणी आठवड्याभरात करायला लावली. म्हणजे ती करणं शक्य होतं. ‘सल्ला’ आणि ‘सक्ती’ यांमधली रेघ परदेशातला नियामक ओढतो आणि आपण ती जशीच्या तशी घेतो. आपली हवा, आपली धूळ, किनाऱ्यावरची खारी दमट हवा आणि दिवसाला होणारी आपली लँडिंग वेगळी आहेत. मुंबईत रात्रभर उभ्या राहणाऱ्या विमानाच्या गिअरला गंजाची मुदत युरोपाएवढीच का असावी, हा प्रश्न आपल्या नियामकाने स्वतः विचारायला हवा.

त्यासाठी माणसं लागतात. 2025 मध्ये संसदीय समितीपुढे जे चित्र आलं त्यात डीजीसीएच्या मंजूर तांत्रिक पदांपैकी निम्म्याच्या आसपास पदं रिकामी होती. 1934 चा विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. नाव नवं आलं, खुर्च्या रिकाम्याच राहिल्या तर हँगरमध्ये जाऊन पाहणार कोण? वैमानिकांच्या कामाच्या तासांवर डिसेंबर 2025 मध्ये देशभर गदारोळ झाला. पहाटे तीनला चाकांच्या खोबणीत बॅटरी धरून उभ्या असलेल्या अभियंत्याच्या तासांवर तसा गदारोळ मी अजून ऐकलेला नाही, आणि तो व्हायला हवा.

कारखान्यांची बाजू मात्र आशा वाटावी अशी आहे. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेला देखभाल तळ 2015 मध्ये सुरू झाला. देखभालीवरचा जीएसटी 1 एप्रिल 2020 पासून 18 वरून 5 टक्के झाला आणि 15 जुलै 2024 पासून विमानांच्या सुट्या भागांवर सरसकट 5 टक्के कर आला. पुण्याच्या भारत फोर्जने लिबहेर या कंपनीबरोबर लँडिंग गिअरच्या भागांचं काम हाती घेतलं आहे. तरीही आपल्या कंपन्यांचे बरेचसे गिअर पूर्ण दुरुस्तीसाठी परदेशी जातात आणि महिनोन् महिने येत नाहीत. गिअर इथेच उघडला गेला तर मुदत वाढवून मागण्याचं एक मोठं कारण कमी होईल. शिवाय आपल्या हवेत वापरलेल्या गिअरमध्ये काय काय सापडतं, याचं ज्ञान आपल्याकडेच साचेल. पोलाद ओळखणारे हात जालन्यात आहेत, यंत्रकाम जाणणारे वाळूज-शेंद्र्यात आहेत. सळईपासून 300-एमपर्यंतचं अंतर फार मोठं आहे हे मला कळतं, पण चुंबकीय तपासणी, मुलामा, उष्णतोपचार यांचं शिक्षण आपल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांत सुरू करायला कोणाची आडकाठी नाही.

सरकारकडे मागणी करायची तर मी तीन गोष्टी मागेन. डीजीसीएची तांत्रिक पदं आधी भरा. कोणत्या कंपनीच्या किती विमानांवर सक्तीची तपासणी मुदतीबाहेर गेली, हे दर महिन्याला लोकांसमोर ठेवा. आणि मुदत वाढवून दिली असेल तर कोणत्या आधारावर, तेही प्रसिद्ध करा. रेल्वेचा रूळ किंवा एसटीचं फिटनेस सर्टिफिकेट यांबद्दल आपण जाब विचारतो, मग विमानाबद्दल विचारायला संकोच कशाचा?

आणि प्रवाशांना एक विनंती. चिकलठाण्याला किंवा मुंबईला ‘तांत्रिक तपासणीमुळे विलंब’ अशी घोषणा झाली तर काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका. खाली एक अभियंता सही करायला नकार देत उभा असेल, आणि वरच्या गर्दीचा आवाज फोनवरून त्याच्यापर्यंत पोचत असतो. कारण विचारा, लेखी मागा, पण त्याला त्याचा वेळ घेऊ द्या.